तुलनेची माती

मातीचे नमुने काढायच्या गिरमिटाच्या पात्याला ब्रश घासता घासता त्याच्या लक्षात आलं की मोरीच्या दारात कुणीतरी उभं आहे, आणि बराच वेळ उभं आहे. त्याने मान वर केली नाही. गिरमीट धुताना तो कुणाकडे बघत नसे. आधी साबणाच्या पाण्यात ब्रश, मग नळाचं पाणी, मग बाटलीतलं शुद्ध पाणी, आणि हे सगळं दर खड्ड्यानंतर, हातमोजेही दर खड्ड्याला नवे. एका खड्ड्याचा कण दुसऱ्या खड्ड्यात गेला की नमुना मेला. मग प्रयोगशाळेतली लाखमोलाची यंत्रं त्या मेलेल्या नमुन्याची कितीही नाडी बघोत. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने ऑफिसातली जाडजूड पुस्तकं घरी नेऊन, शब्दाशब्दाला अडखळत वाचली होती, आणि पदवीवाल्यांना येत नाही इतकं नेमकं काम तो करत होता. निदान आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांपर्यंत तरी त्याची तशी समजूत होती.

"काका, एक विचारू?" प्रयोगशाळेतली नवी बाई होती. तीन महिन्यांपूर्वी लागलेली, जाड चष्म्याची, कुणाशी फारसं न बोलणारी. तिचं ते 'काका' त्याला दर वेळी टोचायचं. सत्तेचाळीस म्हणजे काही वय नाही.

"विचारा की."

"तुलनेची माती तुम्ही कुठून आणता?"

"जागेच्या बाहेरून. कागदावर लिहिलेलं असतं."

"कागद वाचलेत मी. तुमच्या अकरा जुन्या जागांचे वाचले, आणि ही परवाची बारावी." तिने हातातला कागद त्याच्यासमोर धरला. "शहराच्या चार टोकांना बारा जागा. कुठे रंगाचा कारखाना, कुठे कातडी कमावायचा, कुठे भंगारवाडा. जागेतली माती दर ठिकाणी वेगळी येते, ते बरोबरच आहे. पण बाहेरची? किलोला चारशे मिलिग्रॅम शिसं, कधी दहा वर, कधी दहा खाली. नऊ वर्षं. काका, सख्ख्या भावांची तोंडंसुद्धा इतकी मिळत नाहीत."

तो ब्रश चालवत राहिला. पातं केव्हाच लखलखीत झालं होतं.

"आणि शिशाबरोबर अँटिमनी," ती म्हणाली. "बागेतल्या मातीत ते इतकं नसतं. बॅटरीच्या पट्ट्या कडक व्हाव्यात म्हणून शिशात घालतात. तुमची ती स्वच्छ माती कुठल्यातरी बॅटरीच्या कारखान्यातली आहे. बाराव्या जागेचा अहवाल आज पाच वाजता जाणार. माझी सही राहिलीय. मी पाचपर्यंत थांबेन. तुम्ही काहीच बोलला नाहीत तर मला सही करावी लागेल, कारण माझ्याकडे नुसता संशय आहे. आणि त्या जागेवर पाळणाघर होणार आहे, ते तुम्हाला माहीत आहेच."

ती गेली. बाटलीतलं शुद्ध पाणी पात्यावरून ओघळत मोरीत पडत होतं. बॅटरी हा शब्द त्याच्या घरात कुणी उच्चारत नसे. वडील गेल्यापासून नाहीच.

तुलनेची माती म्हणजे काय, हे ज्याने कधी चिखलात गुडघा टेकला नाही त्याला सांगायचं तर असं, की एखाद्या बंद कारखान्याच्या जमिनीत विष आहे की नाही हे नुसती ती जमीन तपासून ठरत नाही. शेजारची, कुणी न खणलेली, कुणी भर न घातलेली मातीही आणावी लागते. दोन्हींत सारखंच शिसं निघालं तर कारखान्याचा दोष नाही, मातीच तशी, असं म्हणून वरचे लोक हात झटकून मोकळे होतात. बंद कारखान्यांच्या जमिनी बांधकामाला पास करून देणाऱ्या त्याच्या साहेबांच्या धंद्याचा जीव त्या शेजारच्या एका बरणीत होता. आणि ती बरणी हा आणायचा. साहेब त्याला हाक मारायचे 'हातगुण'. "हातगुण गेला की जागा पास!" चार लोकांत त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, आणि तो लाजायचा, गाढवासारखा लाजायचा. नऊ वर्षं त्याला वाटत होतं की आपलं गिरमीट स्वच्छ असतं म्हणून जागा पास होतात.

गाडीची किल्ली खिशात होती. कुणाला न सांगता त्याने पेटी उचलली, गिरमीट, बरण्या, हातमोज्यांचं खोकं, पाण्याच्या तीन बाटल्या, आणि तो निघाला. कुठे जायचं हे त्याने ठरवलं नाही. ठरवण्यासारखं होतंच काय? तो आईकडे निघाला होता. शहर संपतं तिथे, मोठ्या रस्त्यापासून आत, बुटक्या घरांच्या रांगेतलं शेवटचं घर. मागे अंगण. अंगणात पालक, मुळे, कोथिंबीर, भिंतीवर चढवलेला भोपळा. आणि कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीमागे, नऊ वर्षांत कोरून कोरून झालेला एक खळगा.

सिग्नलला थांबला तेव्हा स्टिअरिंगवरच्या आपल्या बोटांकडे त्याचं लक्ष गेलं. कसं सुरू झालं होतं ते? पहिलीच जागा होती ती. आतले नमुने सगळे घेऊन झालेले, उन्हाने डोकं भणभणलेलं, आणि बाहेरची माती घ्यायला तो दोनशे मीटर चालत एका बंगल्याच्या कुंपणाशी बसला. जेमतेम गिरमीट रोवलं तोच आतून बनियनवर एक माणूस धावत आला. "काय खणतोस? कुणी सांगितलं? माझ्या भिंतीखाली खणतोस? जा, तुझ्या बापाच्या घरी जाऊन खण!" मागे कुत्रं. तो उठला. त्या दिवशी आणखी दोन ठिकाणी त्याला हाकललं. बरणी रिकामी घेऊन ऑफिसात जायची लाज वाटली म्हणून तो संध्याकाळी चहाला आईकडे थांबला आणि टाकीमागे वाकून एक बरणी भरून घेतली. आपल्या घरची माती, वर्षानुवर्षं भाजी पिकते, याहून स्वच्छ काय असणार? कागदावर लिहिलं, 'जागेपासून दोनशे मीटर उत्तरेला, मोकळी, स्वच्छ जमीन.' जागा पास झाली. दुसऱ्या वेळी तर बाहेर कुणी हाकललंही नव्हतं. रस्त्यात आईचं घर लागत होतं, एवढंच. म्हणजे त्या बनियनवाल्याने शिवी घातली आणि हा पठ्ठ्या ती हुकूम समजून नऊ वर्षं पाळत बसला. बापाच्या घरी जाऊन खणत बसला. त्याला हसू आलं, आणि हसताना दातांवर काहीतरी कचकचल्यासारखं झालं.

मागच्या गाडीने हॉर्न दिला.

फोन वाजला, साहेब. त्याने घेतला नाही. पुन्हा वाजला. पालथा करून शेजारच्या सीटवर टाकला तर तो तिथे आपल्या अंगाने गुरगुरत राहिला. पावणेदोन. बारावी जागा म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाचा तो बॅटरीचा कारखाना, वीस वर्षं बंद. परवा आत शिरताना त्याने फाटकाकडे नीट बघितलं नव्हतं. वडील त्याच फाटकातून तेवीस वर्षं ये-जा करत होते, पट्ट्या ओतायच्या खात्यात. परवा त्याने नऊ खड्डे घेतले, नेटके घेतले, एकदाही इकडेतिकडे बघितलं नाही. भट्टीची जागा कुठे असेल असा विचारसुद्धा शिवू दिला नाही. नमुने घेणाऱ्याने विचार करायचा नसतो, मोजायचं असतं, हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. भित्र्या माणसाला असं एखादं वाक्य लागतंच.

आणि आता विचार आलाच होता तर तो भर दुपारच्या उन्हासारखा आला, कुठे आडोसा नाही. अंगण तेव्हा खोल होतं. पाणी साचायचं, डास व्हायचे. तो सहा वर्षांचा, धाकटी बहीण दोनची. वडील एके दिवशी ट्रॉली घेऊन आले, छाती पुढे काढून, जणू सोनं आणलंय. काळी, जड, खसखशीत भर. भट्टीतली राख आणि खडी. कारखान्याने कामगारांना सांगितलं होतं, हवी तेवढी न्या, फुकट. नेतील तेवढी बरीच की! टाकायला दुसरीकडे जागा शोधायला नको. वडिलांनी ती स्वतः फावड्याने पसरली, वर वीतभर लाल माती टाकली, आणि म्हणाले, "नाचा रे पोरांनो! दाबली पाहिजे!" आणि ते नाचले. अनवाणी. वडीलही नाचले, त्याला खांद्यावर घेऊन. तो वडिलांचा एकमेव नाच. नंतर पोटात कळ यायची तेव्हा ते खाटेच्या कडेला वाकून बसायचे, मनगट असं लोंबायचं की कप धरवत नसे, आणि डॉक्टर म्हणायचा गॅस आहे. धाकटी बहीण त्या अंगणात बसून माती खायची. मूठ मूठ खायची. आई बोट घालून काढायची, हातावर मारायची, ती पुन्हा खायची. पहिलीत गेली, पहिलीतच राहिली. आज त्रेचाळीस वर्षांची आहे आणि अजून तिला सगळे छोटीच म्हणतात. 'जन्मतःच तशी' असं आई सांगते. जन्मतः तशी नव्हती. दोन वर्षांची असताना ती दादाच्या नावाने आख्खी गल्ली डोक्यावर घ्यायची, ते त्याच्या कानात आहे.

त्याने गाडी बाजूला घेतली. दार उघडून रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

कारण अजून एक गोष्ट होती, आणि ती त्या चष्म्याच्या बाईला यंत्रातूनही दिसली नसती. टाकीमागची माती बरणीत भरताना तो काळे दाणे वेचून टाकायचा. खडे आणि मुळ्या काढाव्यात असं पुस्तकात लिहिलंय, खरं आहे. पण तो दाणा खडा नव्हता. बाजरीएवढा, आणि तळहातावर नको इतका जड. एकदा, पाचव्या की सहाव्या जागेच्या वेळी, त्याने तसा एक दाणा नखाने खरवडला होता. आतून तो चकाकला. आणि ह्या नेमकं काम करणाऱ्या माणसाने, गिरमीट तीन पाण्यांनी धुणाऱ्या माणसाने, तो दाणा भिंतीपलीकडे भिरकावला आणि आईने दिलेला चहा प्यायला. माहीत नव्हतं असं तो कुणाला सांगू शकला असता. साहेबांना, पोलिसांना, बायकोला. दर रविवारी त्या अंगणातली भाजी त्याच्या घरी जाते. त्याची मुलगी नको नको म्हणते आणि हा तिला म्हणतो, "खा, आजीच्या घरची आहे, औषध नाही मारलेलं."

आई दारातच बसली होती, डोळ्यांवर हात धरून. "आज कसा काय? मधल्याच दिवशी? बायकोशी भांडलास?"

"नाही गं."

"मग नोकरी गेली. तोंडच सांगतंय." मग तिला हातातली पेटी दिसली आणि चेहरा उजळला. "हात्तिच्या! माती न्यायला आलास होय! ने बाबा. नऊ वर्षांत खड्डा पडलाय तिथे, आता विहीरच काढ एकदाची." आणि शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "माझ्या मातीवर सगळ्या शहराची परीक्षा करतात हो! साधीसुधी माती नाही!"

शेजारीण खिडकीतून हसली. हे वाक्य तिने शंभरदा ऐकलेलं होतं.

तो टाकीमागे गेला नाही. अंगणात उभा राहून त्याने पावलांनी अंतर मोजलं आणि पाच ठिकाणी काड्या रोवल्या. चार कोपऱ्यांजवळ चार, मधोमध एक, पालकाच्या वाफ्यात. "अरे, माझा पालक!" आई ओरडली. त्याने नवे हातमोजे घातले. गिरमीट फिरवायला लागला. वीतभर लाल माती आली, भुसभुशीत, चाळीस वर्षं आईच्या हातांनी चाळलेली, तरी मधून मधून काळी चुकार कणी. मग गिरमीट कुरकुरलं. तो आवाज त्याला दातांत ऐकू आला. आणि वर आली ती काळी, खसखशीत, ओलसर, आणि उन्हात तिच्यात बारीक बारीक काहीतरी चमकत होतं. त्याने त्यातला एकही दाणा वेचला नाही. जशी आली तशी बरणीत भरली, झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली, खोली लिहिली, वेळ लिहिली. साबणाचं पाणी. नळाचं पाणी. शुद्ध पाणी. नवे हातमोजे. दुसरा खड्डा. छोटी येऊन उकिडवी बसली होती, हनुवटी गुडघ्यांवर, खालच्या ओठाला माती लागलेली. "दादा खेळतो," ती आईला म्हणाली. "दादा पाणी पाणी खेळतो."

तिसऱ्या खड्ड्याला त्याने फोन घेतला. चार वाजले होते.

"कुठे तडफडलायस?" साहेब. "दोन तास फोन करतोय!"

"तुलनेची माती घेतोय."

"डोकं फिरलंय का? ती घेतली की परवाच!"

"ती चुकीची होती."

"कोण म्हणतं? ती चष्मेवाली? तिला मी बघतो. तू फक्त—"

"मी म्हणतो, साहेब. बारा जागांची एकाच अंगणातली आहे. माझ्या आईच्या. त्याच कारखान्यातली भर आहे खाली. कारखान्याची तुलना आपण कारखान्याशीच केलीय."

मग साहेब हळू, जवळजवळ मायेने बोलले, आणि ते जास्त भीतीचं होतं. "हे बघ हातगुण. नीट ऐक. त्या अकरांतल्या सात जागांत माणसं राहायला गेलीत. पोरंबाळं आहेत त्यांची. आता सांगून काय करणार तू त्यांचं? आणि कागदावर सही तुझी आहे. माझी नाही. एकट्याने सडशील. आईचं घर जाईल, तिला कुठे ठेवणार? त्या बहिणीला? मी काही कर म्हणत नाही तुला. पाच वाजेपर्यंत गप्प बस. तासाभराचा तर प्रश्न आहे. गप्प बसायला तुला कधी जड गेलंय?"

"नाही," तो म्हणाला. "कधीच नाही." आणि त्याने फोन ठेवला, कारण ते अगदी खरं होतं.

गप्प बसणं म्हणजे काय असतं ते त्याला माहीत होतं. त्याला चव असते. वडील गप्प बसायचे, मनगट लोंबत असताना. त्यांच्या खात्यातले सगळेच गप्प बसायचे, हिरड्यांवर शिशाची निळी रेघ घेऊन, कारण फुकट भर मिळत होती आणि रोज काम मिळत होतं. चौथा खड्डा. त्याचे हात इतके घामेजले की हातमोजा फाटला. नवा घातला. तोही फाटला. पाचवा खड्डा पालकाच्या वाफ्यात. आई खड्ड्याच्या कडेला येऊन उभी होती आणि काळ्या मातीच्या त्या ढेकळाकडे बघत होती. तिला ती ओळखू आली. कशी नाही येणार? नवऱ्याचे कपडे तिने तेवीस वर्षं धुतले होते, बादलीच्या तळाशी तेच उरायचं.

पेटीच्या झाकणावर कागद ठेवून तो लिहायला बसला. जागेचा रकाना. नऊ वर्षं तिथे हात आपसूक 'दोनशे मीटर उत्तरेला' लिहायचा, आणि आताही लेखणी तिथेच वळू बघत होती. त्याने आईच्या घराचा पत्ता लिहिला, घर क्रमांकासकट. खाली लिहिलं, 'वीतभर मातीखाली बॅटरी कारखान्याची भर, चाळीस वर्षांची. आधीच्या बाराही जागांची तुलनेची माती याच अंगणातली. काळे दाणे मी वेचून टाकत होतो.' शेवटचं वाक्य लिहिताना त्याने एकदा थांबून आईकडे पाहिलं. मग सही केली. चार सत्तेचाळीसला त्या कागदाचा फोटो चष्म्याच्या बाईला गेला. उत्तर लगेच आलं. 'मिळालं. सही करत नाही. बरण्या घेऊन या, मी थांबलेय.'

हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. काही हलकं वाटलं नाही. अकरा जागा नजरेसमोर उभ्या राहिल्या, त्यांच्या खिडक्यांत वाळत घातलेल्या कपड्यांसकट.

आईने दरम्यान सवयीने पालकाची जुडी उपटून पिशवीत भरली होती. पिशवी पुढे केली आणि तशीच धरून राहिली.

"आई, उद्यापासून इथलं काही खायचं नाही."

"उद्यापासून?"

"आजपासून. आत्तापासून. आणि डॉक्टरकडे जायचं, तिघांनी. रक्त तपासायला. माझ्या घरच्यांनीही."

तिने पिशवी खाली ठेवली. छोटीकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे, मग पुन्हा छोटीकडे. "ही म्हणून का रे अशी?"

त्याने हातमोजे काढून पेटीत टाकले.

"मी तिला मारायचे," आई म्हणाली. "माती खाते म्हणून. हातावर मारायचे." आणि खड्ड्याकडे वळून, "त्यांनी किती हौसेने पसरली होती रे."

छोटीने खड्ड्याशेजारचं काळं ढेकूळ उचललं होतं. ती ते उन्हात धरून चमचम बघत होती, आणि मूठ हळूहळू तोंडाकडे चालली होती. तो उठला, पेटीला अडखळला, तिच्याजवळ जाऊन गुडघ्यांवर बसला आणि बोट बोट उघडून ते ढेकूळ सोडवलं. मग ब्रश घेतला. साबणाचं पाणी ओतलं. नखांत, बोटांच्या बेचक्यांत, तळव्याच्या रेषांत, त्याने गिरमीट घासावं तसं नाही, तरी तितकंच नीट घासलं. नळाचं पाणी. ती खिदळली, "गार! दादा, गार!" मग शुद्ध पाण्याची बाटली. पाणी तिच्या कोपरांवरून ओघळलं आणि खाली लाल मातीत जिरलं, जिरून काळ्या मातीत गेलं. पेटीवर ठेवलेला फोन वाजत होता, बंद होऊन पुन्हा वाजत होता. छोटीने दोन्ही पंजे त्याच्या नाकासमोर धरले, उलटेसुलटे करून दाखवले, शाळेतल्या तपासणीत दाखवतात तसे.

"झाले स्वच्छ?"

बारा कागदांवर हा शब्द त्याने डोळे झाकून लिहिला होता. त्याने तिचे पंजे हातात धरून नखन् नख पाहिलं.

"नाही गं छोटी," तो म्हणाला. "अजून नाही झाले." आणि त्याने बाटलीत उरलेलं पाणी पुन्हा तिच्या हातांवर धरलं.